नोकरी लागली म्हणून हक्काचे धान्य सोडावे काय?



गेल्या पावसाळ्यात एका विहारातील सभा आटोपून मी पायऱ्या उतरत असता एका प्रौढ गृहस्थांनी मला थांबविले. जय भीम झाल्यावर त्यांनी सांगितले की, धाकट्या मुलाला औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात कंत्राटदारामार्फत काम लागले आहे. वार्ता आनंदाची होती, पण सांगणाऱ्याचा चेहरा चिंतेचा होता. "वकीलसाहेब, आता घरात पगार येणार. रेशनच्या रांगेत पिशवी घेऊन उभे राहणे बरे दिसत नाही. कार्ड परत करून टाकावे म्हणतो." त्यांच्या शेजारी उभे असलेले दुसरे गृहस्थ हसून म्हणाले, "परत कशाला करता? कोण विचारायला येतो? अंगठा उमटतो आहे तोवर उचलत राहा."

एकाने लाजेपोटी हक्क सोडावयाचा आणि दुसऱ्याने लबाडीने तो राखावयाचा, ह्या दोन सल्ल्यांच्या मध्ये आपली कितीतरी कुटुंबे आज अडकलेली आहेत. दोन्ही सल्ले चुकीचे आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु गरिबाला ह्या दोहोंखेरीज तिसरा मार्गच दिसू नये अशी ज्यांनी व्यवस्था करून ठेविली, त्यांचा अपराध ह्या दोन्ही गृहस्थांहून फार मोठा आहे, आणि त्याची झाडाझडती मी पुढे घेणारच आहे.

प्रथम लाजेचा विचार करू. ही लाज कोठून आली हे मला ठाऊक आहे आणि तिच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या आज्यापणज्यांनी दिवसभर गावकीची कामे करून सायंकाळी हातात काठी घेऊन घरोघर भाकर मागितली. शिळे मिळे, तुकडा मिळे, वरून टाकलेले मिळे. आणि ह्या विटंबनेला गाव 'हक्क' असे गोंडस नाव देई. १९२७ साली महाड येथे बाबासाहेबांनी उष्ट्याचा त्याग करण्यास सांगितले. १९२८ साली त्यांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात वतनाचा कायदा सुधारण्याचे विधेयक मांडले. ते वतन कायद्याने नष्ट व्हावयास १९५८ साल उजाडावे लागले. ज्या माणसांनी भाकर मागणे सोडले म्हणून गावाचा बहिष्कार सोसला, त्यांच्या नातवंडांना मोफत धान्याची पिशवी हातात जड वाटावी ह्यात नवल नाही.

परंतु भाकरीभाकरीत फरक असतो. येसकराला भाकर घालणारा मर्जीने घाली आणि मर्जीने नाकारी. नाकारली तर दाद मागावयास जगात कोठेही जागा नव्हती. रास्त भाव दुकानातील धान्य कोणाच्या मर्जीने मिळत नाही. ते संसदेने केलेल्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ अन्वये मिळते. प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणसास दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबास, घरात माणसे कितीही असोत, दरमहा ३५ किलो, हे प्रमाण त्या कायद्यानेच ठरविले आहे. आरंभी तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये व भरड धान्य १ रुपया किलो असा भाव होता. १ जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य झाले, आणि १ जानेवारी २०२४ पासून पुढे पाच वर्षे विनामूल्यच द्यावयाचे ठरले. हक्काचे धान्य मिळाले नाही तर राज्य शासनाने अन्न सुरक्षा भत्ता द्यावा, असे कलम ८ सांगते. जी वस्तू न मिळाल्यास भरपाई मागता येते, तिला भिक्षा म्हणणारा माणूस कायदाही जाणत नाही आणि भिक्षाही जाणत नाही.

ह्या कायद्याच्या मागे संविधान उभे आहे. बेकारी, वार्धक्य, आजार आणि स्वतःच्या दोषावाचून ओढवलेली हलाखी अशा प्रसंगी सार्वजनिक साहाय्य मिळण्याची तरतूद राज्याने करावी, असे अनुच्छेद ४१ म्हणतो. जनतेचे पोषणमान उंचावणे हे राज्याच्या प्राथमिक कर्तव्यांपैकी एक आहे, असे अनुच्छेद ४७ म्हणतो. ज्या मसुदा समितीने हे संविधान घडविले, तिचा अध्यक्ष कोण होता हे ह्या पाक्षिकाच्या वाचकांस सांगावयास नको.

येथे आपल्याच समाजातील काही उपदेशकांना दोन शब्द सुनावणे भाग आहे. ह्यांचे पगार महिना साठ-सत्तर हजारांचे. वर्षातून दोनदा वाढणारा महागाई भत्ता हे घेतात, आणि तो सार्वजनिक तिजोरीतूनच येतो, ह्याची त्यांना लाज वाटत नाही. वाटण्याचे कारणही नाही. मात्र झोपडपट्टीतील भगिनी पिशवी घेऊन रांगेत दिसली की ह्यांच्या मते समाजाची प्रतिष्ठा धुळीस मिळते! बाजारात धान्य महागले म्हणून साहेबाला भत्ता मिळाला तर तो सेवाशर्तींचा भाग, आणि त्याच महागाईत मजुराला पाच किलो तांदूळ मिळाला तर ती लाचारी, हा न्याय कोणत्या पुस्तकातला?

आता हिशेबाकडे वळू, कारण खरा अन्याय हिशेबात दडलेला आहे. महाराष्ट्रात प्राधान्य कुटुंबाची वार्षिक उत्पन्नमर्यादा २०१३ साली ठरली: ग्रामीण भागात ४४,००० रुपये, शहरी भागात ५९,००० रुपये. त्यानंतर दहा वर्षे उलटली तरी ती जागची हलली नव्हती. भागाकार करून पाहा. शहरात महिना पाच हजारांहून कमी, आणि खेड्यात महिना ३,६६६ रुपये. तेही एका माणसाचे नव्हे, साऱ्या कुटुंबाचे उत्पन्न! २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. त्या दराने घरातील एकच माणूस वर्षातून १४२ दिवस राबला की कुटुंब ४४,००० ची रेषा ओलांडते. म्हणजे शासनच सर्वांत हलक्या कामाचा जो दर ठरविते, त्या दराने पाच महिन्यांहून कमी काम करणारा खेडूत शासनाच्याच दुसऱ्या कागदावर 'सधन' ठरतो.

ह्याचा अर्थ काय? ज्या मुलाला आज कारखान्यात दहा-बारा हजारांचे काम लागले, त्याच्या घरात आईवडील, बहीण, धाकटा भाऊ अशी पाच माणसे जेवतात. त्यांचे २५ किलो धान्य बाजारातून आणावयाचे तर नऊशे-हजार रुपये सहज लागतात. बसभाडे, जेवणाचा डबा, कारखान्याचे बूट आणि कंत्राटदाराची कापाकापी वजा जाता जे उरते, त्यातून पुन्हा हे हजार गेले. पहिल्या पगाराने भूक मिटते ही कल्पना ज्यांनी केली, त्यांनी पहिला पगार कधी मोजून पाहिलेला नाही.

ह्यावर प्रतिपक्ष म्हणेल की, कोठेतरी रेषा ओढावीच लागते. मान्य. पण रेषा ओढणाऱ्याने ती ओढून झोपी जाऊ नये. भाव चढतात, किमान वेतनाचे दर बदलतात, आमदारांचे भत्ते तर न चुकता बदलतात. तेवढा गरिबीचा आकडा मात्र दगडावर कोरल्यासारखा अढळ! शिवाय रेषेच्या अलीकडे सारे धान्य आणि पलीकडे काहीच नाही, हा प्रकार रेषेचा नसून कड्याचा आहे. नोकरी लागताच माणसाने कड्यावरून खाली पडावे, आणि नोकरी सुटली की त्याने तो कडा नव्याने चढावा, अशी ही रचना आहे.

हा कडा मी एका प्रकरणात जवळून पाहिला आहे. एक विधवा भगिनी माझ्या कचेरीत आल्या. मुलगा एका मालाच्या गोदामात लागला होता. पुढच्याच महिन्यात दुकानदाराने त्यांना सांगितले, "मावशी, मुलगा कामाला लागला ना? मग धान्य बंद झाले." नोटीस नाही, लेखी आदेश नाही, कोणी जबाब घेतला नाही. मुलाचा पहिला पगार हाती पडला तो चाळिसाव्या दिवशी. तोवर धान्य बंद आणि पगारही नाही. पाचव्या महिन्यात कंत्राट संपले आणि मुलगा घरी बसला. धान्य मात्र परत सुरू होईना. मी संबंधित कार्यालयाकडे नाव कमी केल्याच्या आदेशाची नक्कल मागितली, तेव्हा असा आदेशच नाही असे निष्पन्न झाले. सात महिन्यांनी धान्य सुरू झाले. गेलेल्या सात महिन्यांचे धान्य कोणी दिले नाही, आणि मुलगा पुन्हा कामाला लागल्यामुळे त्या बाईंना तक्रारीसाठी फेऱ्या घालण्याइतकी सवड उरली नाही.

विधी महाविद्यालयात पहिल्याच वर्षी शिकवितात की, ज्याचे हित बिघडावयाचे आहे त्याचे म्हणणे ऐकल्यावाचून निर्णय देऊ नये. हे तत्त्व फाशीच्या खटल्याला लागते आणि शिधापत्रिकेलाही लागते. दुकानदार हा धान्य वाटणारा आहे. कोणाचा हक्क संपला हे ठरविण्याचा अधिकार त्यास नाही. 'वरून बंद झाले' हे वाक्य आदेश होऊ शकत नाही. हा कीस काढणे उगाच नव्हे. झारखंडात सिमडेगा जिल्ह्यात २०१७ साली एक अकरा वर्षांची मुलगी मरण पावली, तेव्हा आधार जोडले नाही म्हणून तिच्या कुटुंबाचे रेशनकार्ड आधीच रद्द झालेले होते. मृत्यू भुकेने झाला हे तेथील शासनाने नाकारले; पण कार्ड रद्द झाले होते ही गोष्ट उरतेच. तिच्या आईला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले.

भीतीही कशी काम करते ते पाहा. मे २०२२ मध्ये उत्तर प्रदेशात अशी हूल उठली की, अपात्र लोकांकडून आजवरच्या धान्याची वसुली होणार. लोकांनी कार्डे परत करण्यासाठी कचेऱ्यांसमोर रांगा लावल्या. शेवटी वसुलीचा असा कोणताही आदेश नाही, असे तेथील शासनाला जाहीर करावे लागले. त्या रांगांत भीतीपोटी हक्क सोडून गेलेले पात्र लोक किती असतील, ह्याचा हिशेब कोण देणार?

आता त्या दुसऱ्या, हसऱ्या गृहस्थांकडे वळतो. त्यांना मी सौम्य शब्दांत सांगणार नाही. कायद्याखाली महाराष्ट्राच्या वाट्याला सुमारे ७ कोटी लाभार्थ्यांचा कोटा आहे आणि तो २०११ च्या जनगणनेवर बांधलेला आहे. कोटा भरला की नव्या अर्जावर धूळ बसते. ज्याच्या घरात आज दोन पक्के पगार येतात आणि तरीही जो अंगठा उमटवितो, तो सरकारला फसवीत नाही. तो वीटभट्टीवरच्या, ऊसतोडीच्या त्या कुटुंबाला दाराबाहेर उभे करतो, ज्याचे नाव अजून यादीत चढलेले नाही. ते कुटुंब बहुधा आपल्याच नात्यागोत्यातले असते. आणि 'कोण विचारायला येतो' हे म्हणणे आता व्यवहारातही टिकत नाही. आधार क्रमांक शिधापत्रिकेला जोडलेला आहे आणि भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यालाही. २०२१ साली आणि पुन्हा २०२५ साली राज्यात अपात्र शिधापत्रिकांच्या शोधमोहिमा झाल्या. नोकरीतून वर्षाला एक लाखाहून अधिक मिळविणाऱ्यांच्या पिवळ्या व केशरी पत्रिका २०२१ च्या मोहिमेत लक्ष्य होत्या. अर्जाखाली आपण जे प्रतिज्ञापन करतो ते खोटे निघाले तर माझ्यासारख्या वकिलाच्या हातात काही उरत नाही.

मग करावे काय? लपवू नये आणि सोडूही नये. बदल लेखी कळवावा आणि जे उरते ते मागून घ्यावे. मुलास नोकरी लागली की नेमणुकीचा कागद आणि दर महिन्याची वेतनचिठ्ठी मागून ठेवा. कंत्राटदार कागद देण्यास नाखूश असतो, पण कागदावरचा पगार आणि हाती पडणारा पगार ह्यांतील अंतर सिद्ध करण्यास दुसरे साधन नाही. उत्पन्न मर्यादेच्या आत असेल तर तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला काढून पत्रिकेसोबत ठेवा. कोणी काही म्हटले तर तोच पुढे करा. मर्यादा खरोखर ओलांडली असेल तर तालुक्याच्या पुरवठा शाखेत, मुंबईत असाल तर शिधावाटप कार्यालयात, तसा अर्ज द्या आणि त्यात काम कायम आहे की कंत्राटी, कोणत्या तारखेस संपते, हे स्पष्ट लिहा. काम संपले की त्याच अर्जाचा हवाला देऊन पुन्हा अर्ज करा. अंत्योदय कुटुंब असेल तर केवळ तेथून नाव काढून हात झटकू देऊ नका. प्राधान्य यादीत ते बसते की नाही हे तपासण्याची मागणी त्याच अर्जात करा.

पुष्कळांची आणखी एक समजूत आहे की, धान्य बंद झाले म्हणजे पत्रिकाच गेली आणि तिच्याबरोबर दवाखानाही गेला. तसे नाही. धान्य न मिळणाऱ्या कुटुंबाचीही शिधापत्रिका असू शकते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सर्व शिधापत्रिकाधारकांना खुली करण्याचा निर्णय २०२३ साली झालेला आहे. तेव्हा दवाखान्याच्या भीतीने पगार लपविण्याचे कारण उरत नाही.

मुलगा कामासाठी पुण्यास किंवा मुंबईस गेला म्हणून गावच्या पत्रिकेतून त्याचे नाव काढण्याची घाईही नको. कुटुंब पात्र असेल तर 'एक देश एक रेशनकार्ड' ह्या व्यवस्थेखाली तो आपला वाटा तिकडच्या दुकानातून उचलू शकतो आणि बाकीचे कुटुंब गावातून. स्थलांतरित मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये ही व्यवस्था सर्व राज्यांनी अमलात आणावी असा निर्णय दिला आहे. मुलाचे लग्न होऊन चूल वेगळी झाली असेल तर गोष्ट निराळी. मग पत्रिकाही वेगळी करून घ्या, म्हणजे त्याच्या पगारापायी म्हाताऱ्या आईबापांचे धान्य जाणार नाही. पण चूल एक आणि पत्रिका दोन, हा उद्योग करू नका.

धर्मांतर केलेल्या काही कुटुंबांनी मला विचारले आहे की, आम्ही बौद्ध झालो, आता रेशनवर परिणाम होईल काय? मुळीच होणार नाही. हा हक्क जातीवर वा धर्मावर दिलेला नाही. फक्त नाव बदलले असेल तर आधार आणि शिधापत्रिका दोन्हींवर ते सारखे करून घ्या, नाही तर ई-पॉस यंत्रापुढे उगाच अडचण उभी राहते.

दाद मागण्याचे मार्गही ध्यानात ठेवा. दूरध्वनी १९६७ वर तक्रार नोंदविता येते, पण मी लेखी तक्रारीवर अधिक विसंबतो. कलम १५ प्रमाणे प्रत्येक जिल्ह्यास तक्रार निवारण अधिकारी असतो. त्याच्या निर्णयावर कलम १६ खालील राज्य अन्न आयोगाकडे अपील करता येते. जिल्हा अधिकाऱ्याने शिफारस केलेले साहाय्य देण्यात कसूर करणाऱ्या लोकसेवकास पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, असे कलम ३३ म्हणते. रक्कम मोठी नाही; पण हे कलम अर्जात लिहिले की टेबलापलीकडचा माणूस मान वर करून पाहतो, हा माझा अनुभव आहे. आणखी एक गोष्ट. कलम १३ प्रमाणे अठरा वर्षांवरील सर्वांत वडील स्त्री ही शिधापत्रिकेपुरती कुटुंबप्रमुख असते. तेव्हा अर्ज आईच्या नावाने आणि आईच्या सहीने जाऊ द्या. सही येत नसेल तर ह्या निमित्ताने शिकवा.

परंतु एकेका घराने एकेक अर्ज करून हा कडा सपाट होणार नाही. आपल्या संघटनांनी पुतळ्यांच्या समित्यांवर जेवढी शक्ती खर्च केली, तिचा चौथा हिस्सा ह्या कामी लावला तरी पुरे. उत्पन्नाची मर्यादा किमान वेतनाशी बांधा. किमान वेतन घेणारा एक माणूस असलेले घर रेषेबाहेर जाताच कामा नये. नोकरी लागल्यापासून निदान सहा महिने धान्य बंद करू नका, कारण कंत्राटी काम टिकते की नाही हे त्याआधी देवालाही ठाऊक नसते, आणि आपल्याला तर देवाचा आधारही घ्यावयाचा नाही. काम सुटल्यावर जुन्या पत्रिकेवरच धान्य त्याच महिन्यात पूर्ववत करा. २०११ च्या जनगणनेवर बांधलेला कोटा मोकळा करा. ह्या मागण्या घेऊन प्रत्येक तालुक्याच्या कचेरीवर जा, आणि जाताना आदेशावाचून धान्य बंद झालेल्या घरांची नावनिशीवार यादी बरोबर न्या. तोंडी गाऱ्हाण्याला तेथे कोणी विचारीत नाही.

त्या सभेतल्या गृहस्थांना मी दुसऱ्या दिवशी कचेरीत बोलाविले. मुलाचे काम अकरा महिन्यांच्या कराराचे निघाले. आम्ही अर्ज लिहिला, त्यात करार संपण्याची तारीख घातली, आणि त्यांच्या पत्नीने त्यावर सही केली. अर्जाच्या दोन प्रती केल्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख मिळाल्याखेरीज खिडकी सोडू नका, एवढे मी त्यांना बजावले. खिडकीवरच्या कारकुनाने त्यांना दोनदा परत पाठविले. तिसऱ्या दिवशी ते पत्नीलाही बरोबर घेऊन गेले, आणि दुपारी शिक्का मारलेली प्रत घेऊन परतले.